आवाज पाऊस खात नाही, ताडपत्री खाते

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीत कार्यक्रमांचा मोसम पाऊस चालू असतानाच सुरू होतो आणि दोघं एकमेकांना सोडायला तयार नसतात. भाद्रपदात गणपती बसतात, मागोमाग शारदा-दुर्गा, विजयादशमीला भीमगीतं आणि कव्वाल्या. एवढं होईस्तोवर परतीचा पाऊस वैनगंगेच्या खोऱ्यातच रेंगाळत असतो. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं चढतात, ती होळीपर्यंत. हे महिने कोरडे जावेत अशी अपेक्षा असते, पण फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळीचा आणि गारांचा भरवसा कोणी द्यावा? महाशिवरात्रीला वैजेश्वराच्या देवळाजवळ भजनं रंगात आलेली असताना ढग गडगडले की सगळ्यांच्या आधी साउंडवाला वर बघतो. वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा भाग. आमच्या गाडीत वायरीचं बंडल नंतर चढतं, ताडपत्री आधी.

मी इथला साउंडवाला. पोंगे, बॉक्स, माईक, जनरेटर भाड्यानं देतो आणि जळालेली कॉइल, फाटलेला पेपर दुरुस्तही करतो. दुरुस्तीच्या टेबलावर बसलं की पावसानं स्पीकरचं काय होतं हे उलगडून दिसतं. आणि तिथं बसूनच माझं एक मत पक्कं झालं आहे: पावसाळी कार्यक्रमात आवाज खराब होतो तो बहुतेक वेळा पाण्यानं नाही, पाणी लागू नये म्हणून आपण जे गुंडाळतो त्यानं.

चार थेंब पडले की मंडळाची पोरं धावतात, बॉक्सवर ताडपत्री टाकतात, सुतळीनं करकचून बांधतात. कार्यक्रम सुरूच असतो. पाच मिनिटांत अध्यक्ष येऊन विचारतात, “आवाज कायले दबला जी?” बेस तर ऐकू येतोय, ढोलकी घुमतेय, पण गायक काय म्हणतोय ते कळत नाही.

याचं कारण शाळेतल्या विज्ञानाइतकं सोपं आहे. आवाज म्हणजे हवेचा हेलकावा. त्याच्या वाटेत पडदा आला तर तो पडदाही हलला पाहिजे, तरच आवाज पलीकडे जाईल. बेसचा हेलकावा सावकाश असतो, सेकंदाला पन्नास-शंभर वेळा. तेवढ्या वेगानं ताडपत्रीही हलते. पण ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांची धार सेकंदाला काही हजार वेळा थरथरते. जड पडदा तेवढ्या वेगानं हलूच शकत नाही. पडदा जितका जड आणि आवाज जितका बारीक, तितकं नुकसान जास्त. १०० मायक्रॉनचा साधा प्लॅस्टिक कागद घेऊन हिशेब मांडला तर १०० हर्ट्झला नुकसान जवळजवळ शून्य, १,००० हर्ट्झला सुमारे २ डेसिबल आणि १०,००० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची ताडपत्री असेल तर १,००० हर्ट्झलाच ५ आणि १०,०००ला २३ डेसिबलच्या पुढे. म्हणजे व्यंजनं सगळी ताडपत्रीच्या आत राहतात आणि प्रेक्षकांकडे स्वर तेवढे जातात. नाटकाचा संवाद असा ऐकला तर माणूस घरी जातो.

पुढचं नुकसान खिशाचं आहे. आवाज दबला की ऑपरेटर मिक्सरवर ट्रेबल वाढवतो. १५ डेसिबल भरून काढायचे तर त्या पट्ट्यात तीसपट ताकद ओतावी लागते. वरच्या हॉर्नची कॉइल केसासारख्या बारीक तारेची. ती हे सोसत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जे युनिट येतं त्यात पाण्याचा थेंबही नसतो, जळालेली तार असते. मालक मात्र सांगतो, “पावसानं गेला.”

त्यातच उष्णतेची भर. स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटपैकी चार-पाच वॅटसुद्धा धड आवाजात उतरत नाहीत. उरलेल्यांची उष्णता होते. ती बॉक्सच्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, आणि अॅम्प्लिफायर आतच बसवलेला असेल तर मागच्या पत्र्यातून बाहेर पडते. चारी बाजूंनी ताडपत्री आवळली की ती आतच कोंडते. कार्यक्रम संपतो, बॉक्स थंड होतो आणि कोंडलेल्या दमट हवेचं पाणी आतल्या बाजूला धरतं. पावसापासून वाचवलेला बॉक्स अशा तऱ्हेनं आतून ओला होतो.

म्हणून मी पोरांना सांगतो, झाकायचं असेल तर आधी आवाज बंद करा. वाजवायचं असेल तर वर छप्पर करा. दोन्ही एकदम होत नाही.

आता जुन्या पोंग्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण नव्या पोरांना त्याची कदर नाही. अॅल्युमिनियमचा भोंगा, मागे गोल युनिट. आमच्याकडे बहुतेक अहुजा कंपनीचं. हा पोंगा झाडाला, खांबाला, देवळाच्या शिखराजवळ वर्षानुवर्षं पावसात टांगलेला असतो आणि वाजतो. वर झाकण नाही, जाळी नाही. मग पाणी आत का जात नाही? पोंगा कापून पाहिला तर कळेल. युनिटमधून निघालेला आवाज सरळ बाहेर येत नाही. मधल्या नळीतून तो पुढे येतो, तिथं टोपीला आपटून मागे वळतो, पुन्हा वळून बाहेरच्या मोठ्या तोंडातून निघतो. वाट दुमडलेली आहे. आवाजाला वळणं चालतात, पाण्याच्या थेंबाला चालत नाहीत. तोंड जरा खाली झुकवून बांधलं की आत उडालेले थेंब आपोआप गळून जातात. शिवाय आतला पडदा कागदाचा नसतो. पावसापासून स्पीकर वाचवायचा आणि आवाजाच्या वाटेत काहीच आडवं घालायचं नाही, ही सगळी अक्कल त्या आकारातच आहे.

पोंगा खराब होतो तो भलत्याच कारणांनी. युनिटच्या आट्यांमधून पाणी झिरपतं. तिथं नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळावी. वायर वरून सरळ युनिटकडे आणली की पाणी वायरीवरून ओघळत थेट जोडावर येतं. म्हणून वायरीला जोडाच्या खाली एक झोळ द्यावा, पाणी त्या झोळावरून खाली टपकतं. आणि कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, ती नळी दर मोसमाआधी काडी घालून बघावी.

पण पोंग्यातून डग्गा येत नाही, बासरीचा गोडवा येत नाही. म्हणून लोकांना बॉक्स लागतात, आणि बॉक्समध्ये कागद असतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्या पद्धतीचा कॉइल-कोनचा स्पीकर मांडला, त्याला शंभर वर्षं झाली; तरी अजून चांगल्या स्पीकरचा कोन पुष्कळदा कागदाच्या लगद्याचाच असतो. हलका, ताठ आणि स्वतःचा आवाज न करणारा दुसरा एवढा स्वस्त पदार्थ मिळालेला नाही. मात्र तो पाणी पितो. ओला कोन जड होतो, आवाज मंद होतो, कॉइलपाशी चिकटवलेला जोड सुटतो. कंपन्या समोरच्या बाजूला पाणी न धरणारा पातळ लेप देतात, तो पुरेसा असतो.

आमच्याकडे हौशी लोक कोनावर वॉर्निश मारतात, कोणी रबर सोल्युशन फासतं. कृपा करून असं करू नका. हलणाऱ्या भागाचं वजन दुप्पट झालं तर तेवढ्याच वॅटला आवाज ६ डेसिबलनं उतरतो, आणि ते भरून काढायला चौपट ताकद लागते. कोन वाचतो, स्पीकर मरतो.

तर मग बॉक्सवर छप्पर कसं करावं? आधी थेंबाचा तिरकेपणा बघा. दोन-तीन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ७ मीटर वेगानं खाली येतो. वारा ताशी २५ किलोमीटरचा असला की तोही सेकंदाला ७ मीटरच. म्हणजे पाऊस बरोबर ४५ अंशांत तिरपा येणार. छप्पर बॉक्सच्या पुढे जेवढं काढाल, छपरापासून खाली तेवढीच उंची कोरडी राहील. छप्पर अगदी माथ्यालगत धरून दोन फूट पुढे काढलं तर चार फुटांच्या थप्पीतला वरचा अर्धा भाग वाचतो. वरचाच अर्धा वाचवायचा असतो, कारण हॉर्न आणि मधला स्पीकर तिथं असतात. आणखी हवं असेल तर स्टेजची दिशा बदला. आमच्या भागात पावसाळी वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो; बॉक्सची पाठ तिकडे केली तर निम्मं काम फुकटात होतं. मंडप घालणाऱ्याला हे खुंट्या ठोकायच्या आधी सांगावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

छप्पर बॉक्सच्या डोक्याला टेकवू नये. हॉर्नमधून निघालेला आवाज वरच्या पत्र्याला आपटून पुन्हा खाली येतो आणि सरळ आलेल्या आवाजात मिसळतो. दोन वाटांमध्ये १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर १,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसातच कापला जातो, गायकाचा गळा पोकळ लागतो. म्हणून छप्पर दीड-दोन फूट वर ठेवा, जेवढं वर न्याल तेवढंच आणखी पुढेही काढा, त्याचा उतार मागच्या बाजूला द्या आणि खालून जुनी सतरंजी किंवा घोंगडं ताणा. पत्रा वापरणार असाल तर त्याच्यावर गोणपाट अंथरा, नाहीतर पावसाचा तडतडाट माईकमध्ये शिरतो. बांबूवर ताणलेली ताडपत्री पत्र्यापेक्षा मला बरी वाटते. तीच ताडपत्री, पण आवाजाच्या वाटेतून काढून डोक्यावर नेलेली.

बेसचे बॉक्स खाली असतात, त्यांना भिजायची भीती जास्त. पण वरचा हिशेब आठवा: १०० हर्ट्झच्या आवाजाला पातळ प्लॅस्टिकचा काही अडथळा नाही. तेव्हा बेसच्या तोंडावर सैल प्लॅस्टिक चालतं, फक्त ते कोनाला टेकू नये, फडफडू नये आणि पोर्टचं भोक व पाठ मोकळी राहावी. बॉक्स जमिनीवर ठेवू नका, विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर फूटभर उचला. प्लायवूड एकवेळ ओल सोसतं. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे स्वस्त बॉक्स खालून पाणी पिऊन फुगतात आणि कोपरे उघडतात.

टॉपच्या, म्हणजे हॉर्न असलेल्या वरच्या बॉक्सच्या, तोंडावर काही लावायचंच असेल तर कापड निवडण्याची माझी एक परीक्षा आहे. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. फुंकर गार लागली तर आवाजही जाईल. मग तेच कापड पाण्यात बुचकळून एकदा झटका आणि पुन्हा फुंका. इथंच बहुतेक कापडं नापास होतात. कोरड्या मलमलीतून आवाज छान जातो, पण भिजली की तिच्या भोकाभोकांत पाणी अडकून बसतं आणि तिचा प्लॅस्टिकसारखा सलग पडदा होतो. रोपवाटिकेची हिरवी जाळी ओली झाली तरी तिची भोकं उघडी राहतात. नायलॉनची मच्छरदाणीही बरी. ती बॉक्सपासून वीतभर पुढे, तिरपी ताणून लावावी, म्हणजे थेंब फुटून ओघळून जातात. धो धो पावसात ही जाळी पुरणार नाही, झिमझिम आणि तुषारांना पुरते. गाद्यांचा फोम मात्र जाळीमागे घालू नये, तो पाणी धरून बसतो.

अगदीच नाइलाज झाला तर सामान बांधायची पातळ स्ट्रेच फिल्म, २० मायक्रॉनच्या आसपासची, जाळीवर एकपदरी ताणा. १०,००० हर्ट्झला ५ डेसिबलच्या आसपास जातात. ताडपत्रीपेक्षा पुष्कळ बरं. दुपदरी केलीत की नुकसान जवळपास दुप्पट.

हल्ली बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे स्पीकर येतात. त्यांच्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतो, ५ असेल तर नळीची धार. पैसे असतील आणि स्पीकर कायम बाहेरच राहणार असेल तर जरूर घ्या. पण हा आकडा पाणी आत जातं की नाही एवढंच सांगतो, ओल्या जाळीतून आवाज कसा येतो याची त्यात परीक्षाच नाही. विकत घेताना दुकानदाराला जाळीवर पाणी मारून वाजवून दाखवायला सांगा. तो तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

पावसाळी हवेत आवाज पोहोचत नाही, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. कोरडी हवा बारीक आवाज जास्त शोषते. १५ अंश तापमानाला हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ८,००० हर्ट्झचा आवाज १०० मीटर जाईपर्यंत एकट्या हवेमुळे सुमारे २० डेसिबलनं घटतो. ८० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे ८ डेसिबलनंच. म्हणजे भाद्रपदातली दमट हवा गायकाच्या बाजूनं असते. तिचा फायदा मिळू न देणारे आपणच.

झाडीपट्टीच्या नाटकाला पावसापेक्षा दव जास्त छळतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. संगीत, लावणी, रडवणारे प्रवेश, सगळं माईकवर. झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना हे नाटक कळलं, पण इथं हजारोंची गर्दी शेवटचा संवाद ऐकायला थंडीत बसलेली असते. पहाटे बॉक्सच्या माथ्यावर बोट फिरवलं तर ओलं होतं. वाजत असलेला आतला स्पीकर मात्र स्वतःच्या उष्णतेनं कोरडा राहतो. अडचण सामान उतरवताना होते. थंड, दवानं भिजलेले बॉक्स घाईघाईनं कव्हरात कोंबून गोदामात टाकले की बुरशी ठरलेली. घरी नेऊन कव्हर काढा, दुपारभर सावलीत वारा लागू द्या, मग ठेवा.

खरंच भिजलाच तर? ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, त्यानंतर गाळानं भरलेले बॉक्स माझ्याकडे आले होते. पहिला नियम: चालू करून बघू नका. कॉइल ज्या फटीत हलते ती मिलिमीटरपेक्षा कमी असते. गाळाचा एक कण तिला घासून काढतो. स्पीकर बॉक्समधून सोडवा, सावलीत पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. उन्हात कागद वेडावाकडा आकसतो. पूर्ण वाळल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून बघा. खरखर लागली तर कोन-कॉइल बदलावी लागेल, नाही लागली तर हळू आवाजात अर्धा तास वाजवा. पावसाच्या स्वच्छ पाण्यानं भिजलेले निम्म्याहून जास्त वाचतात. पुराच्या पाण्यातले फार थोडे.

हे सगळं स्पीकरचं झालं. माणसांचं त्याहून मोठं आहे. दहा बाय दहा फुटांची ताडपत्री स्पीकरच्या टॉवरवर उभी बांधली आणि ताशी ७० किलोमीटरचा झोत आला, तर तिच्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास रेटा येतो. ती नावेच्या शिडासारखी टॉवर ओढून नेते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी कार्यक्रमाच्या तोंडावर आलेल्या वादळी झोतानं स्टेजचं छप्पर सांगाड्यासकट कोसळलं आणि सात माणसं गेली. तिथं इंजिनियर होते, मोठी यंत्रणा होती. आपल्याकडे बांबू आणि सुतळी असते. वारा उठला की छपराची ताडपत्री सोडून द्यावी, बॉक्स भिजले तर भिजले.

आणि वीज. जनरेटरला अर्थिंग हवंच, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारी डबी, हवाच. ओल्या मंचावर उघड्या पायांनी माईक धरणाऱ्या माणसाचा जीव त्या डबीवर अवलंबून असतो. भंडारा जिल्ह्यात वीज पडून माणसं दगावतात हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर फुकट मिळतं, आसपास वीज पडतेय का ते सांगतं. त्यानं इशारा दिला की कार्यक्रम थांबवायचा. थांबवण्यात कमीपणा नाही. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवसुद्धा डिसेंबर २०१४ मध्ये अवकाळी पावसानं पुढे ढकलावा लागला आणि जानेवारीच्या सुरुवातीला झाला. श्रोते तेव्हाही आले.

तेव्हा मंडळांच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती आहे. बयाणा देताना बॉक्स किती, बेस किती, वॅट किती हे तुम्ही विचारताच. त्याच वेळी टॉपवर छप्पर कोण घालणार, मंडपवाला की साउंडवाला, हे ठरवून पावतीवर लिहून घ्या. बांबू, ताडपत्री आणि एका माणसाची मजुरी, एवढाच खर्च आहे. आणि पाऊस आला की तुमच्या पोरांना बॉक्सवर ताडपत्री टाकू देऊ नका. आधी ऑपरेटरला आवाज बंद करायला सांगा.